हाताचं वजन

आमच्या पापडीत पूर्वी घरागणिक एक तरी धारेचा दगड असायचाच. वाडीचं गाव. केळी, पानवेली, मोगरा, चाफा, वेलावरची भाजी. सकाळी उठलं की हातात पात्याचं काहीतरी यायचंच. केळीचा लोंगर उतरवायला कोयता, गवताला विळा, स्वयंपाकघरात विळी. विहिरीच्या कडेला, कपडे धुवायच्या धोंडीशेजारी एक काळा दगड मधोमध खोलगट झालेला दिसायचा. दोन-तीन पिढ्यांच्या कोयत्यांनी तो तसा झिजवलेला. उकिडवं बसायचं, पाण्याचा हबका मारायचा, दहा-बारा वेळा घासायचं की कोयता तयार. हे कुणी कुणाला शिकवत नसे. बावखलात पडून पोहणं यावं तसं ते येऊन जायचं.

माडावर चढणाऱ्या भंडाऱ्याची तऱ्हा वेगळी. कमरेची सुरी तो कुणाला हातात देत नसे. माडाच्या पोयीचा पातळ काप काढला तरच माडी झिरपत राहते. सुरी बोथट असेल तर पोय ठेचली जाते आणि रस अडतो. त्याचं पोट त्या धारेवर.

म्हणजे धार धार म्हणतो ती एक नसते. कोयत्याची धार जराशी खरखरीत असली तरी चालते, किंबहुना तीच केळीच्या दांड्यात नीट शिरते. भंडाऱ्याच्या सुरीला ती चालणार नाही. आणि या सगळ्यांच्या पलीकडे वस्तरा. तो चालायचा माणसाच्या गळ्यावर. म्हणून घरोघरी दगड असूनही वस्तऱ्याला घरी कुणी दगड दाखवत नसे. ते काम न्हाव्याचं.

आमच्या घरात वस्तरा होता. बाबा लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर. पहिल्या काही पगारांतून त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून तो घेतला होता. काळी मूठ, पात्यावर ‘सोलिंगेन’ अशी अक्षरं. सोलिंगेन हे जर्मनीतलं सुऱ्या-कात्र्यांचं गाव. तिथं बनलेल्या पात्यावरच ते नाव घालायचं, असा १९३८ पासून तिकडे कायदा आहे. बाबांना हा कायदा माहीत नव्हता. पण लोखंड त्यांना कळत होतं. बोटाच्या नखावर पातं टिचकीनं वाजवून त्यांनी ते निवडलं होतं, असं ते सांगायचे.

पहाटे चारला उठून ते दाढी करायचे. वसई रोडहून पावणेसहाच्या आधीची लोकल धरायची असायची, तरी दाढीत घाई नाही. गोदरेजचा गोल साबण, पितळी वाटी, ब्रश, तुरटीचा खडा. खिडकीच्या गजाला चामड्याचा पट्टा बांधलेला. डाव्या हातानं पट्टा ताणायचा आणि उजव्या हातानं वस्तरा त्यावर पाठ पुढे, धार मागे अशी ओढायची. टोकाला गेलं की पातं पाठीवरून उलटायचं आणि परत. सप्, सप्, सप्. आम्हा भावंडांना जाग यायची ती त्या आवाजानं. रविवारीही सुट्टी नाही. निवृत्त झाल्यावरही नाही. “तोंड स्वच्छ असलं की माणूस सरळ बोलतो,” असं त्यांचं म्हणणं.

वर्षातून दोनदा वस्तरा दगडावर जायचा. त्यासाठी बाबा तो फडक्यात गुंडाळून बाजारातल्या मामांकडे नेत. मामा म्हणजे आमचे गावचे न्हावी. सगळा गाव त्यांना मामाच म्हणायचा. त्यांच्या वडिलांच्या काळापर्यंत बलुतं भाताच्या रूपात यायचं. मामांनी एक खुर्ची, एक आरसा टाकून दुकान थाटलं, पण वडिलांची धोकटी तशीच जपली होती. बाबा वस्तरा द्यायचे, मामा तो उजेडाला धरून बघायचे, मान हलवायचे. दोघांत फारसं बोलणं होत नसे. दोन कारागीर एकमेकांना ओळखून होते एवढंच.

पुढे दिवस पालटले. एड्सची भीती पसरली तशी गिऱ्हाईकं “नवीन ब्लेड लावा” म्हणू लागली. सलूनवाल्यांनी अर्ध्या ब्लेडचे वस्तरे घेतले. दाढी झाली की ब्लेडचा तुकडा डब्यात. सरकारही हेच सांगत होतं आणि ते योग्यच होतं. पण त्याबरोबर दगड गेले, पट्टे गेले, आणि दगडावर हात चालवणारी माणसं एकेक करून घरी बसली. मामांचे मुलगे नोकरीला लागले. मामांच्या हातांना कंप सुटला आणि दुकानाची फळी कायमची बंद झाली.

आपली वसई-विरार महानगरपालिका झाली ते २००९ साल. त्याच पावसाळ्यात बाबांना झटका आला. अर्धांगवायू. उजवा हात, उजवा पाय गेला आणि वाचा जवळजवळ गेली. ऐकू सगळं यायचं, कळायचं सगळं, पण तोंडून चार-दोन शब्दच फुटत, तेही ओढूनताणून. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा गालावर तीन आठवड्यांची पांढरी दाढी. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या बापाला दाढीत पाहत होतो.

डॉक्टरांनी रक्त पातळ राहायच्या गोळ्या दिल्या होत्या. ते म्हणाले, कापू देऊ नका, लवकर रक्त थांबणार नाही. विजेचं मशीन वापरा. मशीन आणलं. ते गालाशी गुणगुणायला लागलं की बाबा तोंड फिरवत. वाढलेले केस त्यात ओढले जात. मग स्टेशनकडच्या सलूनमधला एक पोरगा घरी आला. पोरगा चांगला होता, हात चटपटीत होता. पण अर्ध्या ब्लेडचा वस्तरा हलका, तो चालवणाऱ्याच्या जोरावर चालतो. बाबांचा उजवा गाल लुळा पडून लोंबत होता. त्या गालावर ब्लेड दोनदा अडलं. रक्ताची बारीक रेघ अर्धा तास थांबेना. बाबा रागावले नाहीत. त्यांनी फक्त डोळे मिटून घेतले. मला ते रागावण्यापेक्षा वाईट वाटलं.

आई म्हणाली, “राहू दे दाढी. घरातच तर आहेत.”

बाबांनी डावा हात उचलला आणि कपाटाकडे बोट केलं. कपाटात वस्तरा होता.

दुसऱ्या दिवशी वस्तरा घेऊन मी मामांकडे गेलो. तलावाच्या अलीकडे त्यांचं घर. पडवीत बाजेवर बसले होते. हात मांडीवर, आणि मांडीवरही थरथरत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी वस्तरा उघडायला सांगितला, स्वतः हातात घेतला नाही. “उन्हात धर. धार वर.” मी धरली. कडेला एक चमकती रेघ दिसत होती. मला वाटलं, चमकतेय म्हणजे चांगली आहे.

“दिसली का रेघ? दिसते तिथं धार नाही,” मामा म्हणाले. “खरी धार उजेडाला सापडत नाही रे. तिला अंगच नसतं, मग चमकणार काय? जिथं चमक, तिथं बोथट.”

मी म्हटलं, “मामा, तुम्ही सांगा, मी करतो.”

ते बराच वेळ गप्प होते. मग सुनेला हाक मारून त्यांनी धोकटी मागवली. तिच्यात फडक्यात बांधलेला दगड होता. वीतभर लांब, दोन अंगांचा. वरचा थर पिवळसर साईसारखा, खालचा जांभळट निळा. हा दगड त्यांच्या आजोबांच्या वेळेपासूनचा. असे दगड बेल्जियमच्या डोंगराळ भागातल्या खाणींतून निघतात आणि एकेकाळी जगभरच्या न्हाव्यांकडे जात. पिवळ्या थरात गार्नेटचे, म्हणजे गोमेदाच्या जातीतल्या खड्यांचे, अतिशय बारीक कण असतात. ते लोखंड कापतात, पण ओरबाडत नाहीत. मला हे पुष्कळ नंतर कळलं. मामांना बेल्जियम ठाऊक नव्हतं. ते त्याला नुसतं “दूधवाला दगड” म्हणायचे.

पडवीत, बाजेसमोर पाट मांडून माझी शाळा सुरू झाली. आधी दगडावर पाणी. तेल नाही, पाणी. मग त्याच जातीचा छोटा तुकडा दगडावर गोल घासायचा. थोड्या वेळानं दगडावर दाट पांढरं दूध येतं. त्या दुधात वस्तरा चालवायचा. पातं पूर्ण आडवं टेकवायचं, पाठही दगडावर आणि धारही. वस्तऱ्याची खुबी इथंच आहे. सुरीला किंवा कोयत्याला किती तिरकं धरायचं ते हाताला ठरवावं लागतं. वस्तऱ्याची पाठ जाड असते. ती टेकली की कोन आपोआप ठरतो, बनवणाऱ्यानंच तो ठरवून ठेवलेला असतो. चालवणाऱ्यानं त्यात ढवळाढवळ करायची नाही, एवढंच.

“पण मग मी काय करायचं?” मी विचारलं.

“काही करायचं नाही. हाताचं वजन काढून घे.”

हे सांगायला चार शब्द, जमायला दिवस लागतात. दगडावर धार पुढे घेऊन जायचं, जणू दगडाचा पातळ पापुद्रा काढायचा आहे. पट्ट्याच्या बरोबर उलटी दिशा. टोकाला पाठीवरून उलटायचं आणि परत धार पुढे. पातं दगडाच्या रुंदीपेक्षा लांब, म्हणून सरळ न जाता तिरकं ओढायचं, मुठीकडून टोकापर्यंत सगळ्या धारेला दगड सारखा मिळावा. हे सगळं तीन बोटांत. मनगट सैल. मी मूठ आवळली की मामांना ती आवाजावरून कळायची. “खरखर आली. बस झालं, जरा पाणी पी.” मग ते बागेतल्या केळीबद्दल काहीतरी विचारायचे. हात सैल झाला की पुन्हा सुरुवात.

हळूहळू दुधात पाणी घालत जायचं. दूध पातळ होत होत शेवटी नुसतं पाणी राहतं. शेवटचे वीस-तीस हात त्या नितळ पाण्यावर, वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनावर. मामा म्हणायचे, “वस्तऱ्याला वाटलं पाहिजे, कुणी धरलंच नाही.”

पाचव्या दिवशी उन्हात धरल्यावर रेघ दिसेना. मनगटावरचे केस साबणाशिवाय उडू लागले. मी खूश झालो. मामा म्हणाले, “हा दगडाचा निकाल. अजून पट्टा आहे. आणि पट्ट्याचं मला विचारू नको, तुझ्या घरी बसलाय तो माणूस.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मामा मला बाबांकडेच पाठवत होते.

घरी खिडकीच्या गजाला तोच पट्टा. बाबांची खाट त्याच खोलीत. मी पट्टा ताणून वस्तरा चालवायला लागलो. बाबा छताकडे बघत पडलेले. दहा-बारा हात झाले आणि त्यांनी जीभ टाळूला लावून ‘च्च’ केलं. मी थांबलो. पट्टा जास्त ताणला, परत चालवला. ‘च्च.’ बोलता येत नव्हतं त्या माणसाला. पण पन्नास वर्षं रोज पहाटे जो आवाज त्यांनी ऐकला होता, तो त्यांच्या कानात शाबूत होता. पट्टा ढिला पडला की आवाज जाड येतो आणि धार गोल होते. घाईनं उलटलं की मध्ये टक्कन वाजतं. दाबलं की आवाज ओढला जातो. मी एकेक करून बदलत गेलो. बाबा ऐकत गेले. ‘च्च’ कमी कमी होत गेली. तीस हात जाड कापडावर, साठ चामड्यावर.

हे असं आठवडाभर चाललं होतं. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की मी पट्ट्यापाशी उभा राहायचो. आमच्या पापडीच्या चर्चला १९९८ मध्ये वसई धर्मप्रांत झाला तेव्हा कॅथेड्रलचा मान मिळाला. त्या घंटेवर इथले हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळेच घड्याळ लावतात. एका संध्याकाळी घंटेनंतर मी वस्तरा चालवत होतो. वीस झाले, चाळीस झाले, साठ झाले. ‘च्च’ आली नाही. मी वळून पाहिलं. बाबांनी डावा हात हनुवटीपाशी नेला होता आणि दाढी चाचपत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांची दाढी केली.

आधी गरम पाण्याचा टॉवेल, दोनदा. तीन आठवड्यांचे वाढलेले केस कात्रीनं छाटले. साबणाचा फेस करून तो पाच मिनिटं गालावर राहू दिला. केस भिजला तरच मऊ होतो. डावा गाल सोपा होता. तो ताणला की बाबा स्वतः जबडा हलवून साथ देत. उजवा गाल काही सांगत नव्हता. तिथं त्यांना स्पर्शच नीट कळत नव्हता, दुखलं तरी ते सांगू शकले नसते. तिथं माझ्या डाव्या हाताची बोटं त्यांच्या कातडीच्या जागी काम करत होती. कानाशी कातडी वर ओढून धरायची, पातं गालाला थोडंसं तिरकं ठेवायचं, केसाच्या दिशेनं, बोटभर-बोटभर. दाब नाही. मामांचं वाक्य मी मनात म्हणत होतो. वस्तरा फेसातून गेला की बारीक कुरकुर ऐकू येते, केस कापला जाण्याची. ती येत होती. धार नीट असेल तर वस्तऱ्याला ढकलावं लागत नाही, आणि ढकललं नाही तर तो कापत नाही. बोथट वस्तरा जास्त धोक्याचा, हे मी तोवर नुसतं ऐकून होतो. त्या दिवशी बापाच्या गळ्यावर ते कळलं.

पाऊण तास लागला. रक्ताचा थेंब नाही. शेवटी तुरटी फिरवली. आईनं आरसा आणून धरला. बाबांनी बराच वेळ पाहिलं आणि एक शब्द उच्चारला, “बरं.” तो त्या आठवड्यातला त्यांचा पहिला स्पष्ट शब्द.

नात्यातल्या एका आत्यांना हे पटलं नाही. “मुलानं बापाच्या तोंडाला वस्तरा लावायचा? हे काय आपलं काम?” त्यांच्या बोलण्यात आपलं-परकं कुठून आलं ते सांगायला नको. मी मामांना सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, “गावाला आमचा वस्तरा रोज लागायचा आणि आमचं नाव शिवीत घालायचे. बिनपाण्यानं करतात म्हणे! पाण्याशिवाय आम्ही कधी कुणाची केली नाही.” मग त्यांनी समाजाच्या सभेत ऐकलेली एक हकिगत सांगितली. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी न्हाव्यांची सभा भरवली. त्या सभेत न्हाव्यांनी ठरवलं, की विधवा बायकांचं डोकं आम्ही भादरणार नाही. पैसे बुडाले तरी चालतील. “हात कुठं उचलायचा नाही, हेही आमच्या लोकांना येत होतं,” मामा म्हणाले. “तुझ्या आत्याला सांग, काम कुणाचं ते वस्तऱ्याला कळत नाही. त्याला हात कळतो.”

आत्यांना मी ते सांगितलं नाही. पण पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा बाबांची दाढी झालेली होती, आणि त्या त्यांच्या शेजारी बसून बराच वेळ बोलत राहिल्या. दाढीत असताना त्या दारातूनच विचारपूस करून गेल्या होत्या.

मग दर बुधवारी आणि रविवारी दाढी, असा नेम पडला. वस्तरा दर वेळी कोरडा करून शिलाई मशिनच्या तेलाचा हात फिरवायचा. आमच्याकडची हवा खारी, खाडी आणि समुद्र दोन्ही जवळ. साध्या पोलादाला एका पावसाळ्यात गंज धरतो. दोन-तीन महिन्यांनी धार उतरली की मामांच्या पडवीत जायचं. दगड त्यांनी मला देऊ केला होता. मीच म्हटलं, तुमच्याकडे असू दे, त्या निमित्तानं येईन. ते दगडाकडे बघायचे, मी हात चालवायचो. बोलणं बाबांच्या वेळी होतं तितकंच.

बाबा आणखी चार वर्षं होते. उजवा हात परत आला नाही. डावा मात्र फिजिओथेरपीनं आणि त्यांच्या हट्टानं बळकट झाला. डाव्या हातानं ते जेवू लागले, वर्तमानपत्राचं पान उलटू लागले. दुसऱ्या वर्षाच्या एका रविवारी डाव्या गालाचा फेस लावून मी वस्तरा उघडला, तर त्यांनी डावा हात पुढे केला. मी आईकडे पाहिलं. आई काही बोलली नाही. मी वस्तरा त्यांच्या हातात दिला, आणि कानाशी कातडी ताणून धरली, दुसऱ्या हातात आरसा.

आयुष्यभर उजव्या हातानं दाढी केलेला माणूस डाव्या हातानं वस्तरा धरत होता. पण फिटरचा हात तो. पातं गालावर टेकलं आणि त्यांनी त्याला जाऊ दिलं. कानापासून जबड्यापर्यंत एक पट्टा. कुरकुर ऐकू आली. मग दुसरा पट्टा. तिसरा त्यांनी केला नाही. पातं माझ्या हातातल्या कागदावर पुसलं, उजेडाला धरून पाहिलं, आणि मूठ माझ्याकडे करून वस्तरा परत दिला.

“आता तू,” ते म्हणाले.